पाचवीला पुजलेली

चार तारांवर अकरा वर्षं काढली.
वरणगाव, सावदा, फैजपूर, खिरोदा,
हळदीच्या रात्री, मंडळांची स्टेजं,
ऑर्केस्ट्रा 'निशिगंध', मागची रांग, ड्रमच्या डावीकडे.
फोटोत कायम गायिकेच्या खांद्यामागे
माझा एक कान.

मग नागपूरहून पाचतारी बेस आली,
गोणपाटात शिवलेली, ब्रेकव्हॅनमधून.
भुसावळच्या पार्सलबाबूनं पावतीवर लिहिलं :
सतार, एक नग.
(सहातारीही होती तिथे. पण सहावी वर जाते,
मला वर जायचं नव्हतं.)

पाचवी तार स्कूटरच्या क्लचवायरीएवढी.
बोरोलेकाका चष्मा वर करून म्हणाले,
"इतके तार कायले रे भो? चारात भागत नव्हतं?"
भागत होतं, काका.
पण गाणं खाली उतरायचं तेव्हा
मी शेवटच्या पायरीवर उभा,
आणि पाणी अजून हातभर खाली.

घरचा अ‍ॅम्प्लिफायर तीस वॅटचा, आठ इंची कोन.
पाचवी मोकळी छेडली
तर पोत्यात कोंबडं कोंबावं तसा फडफडला.
स्वर कुठेच नाही, नुसती पिसं.

त्या महिन्यात मला घर कळलं.
तिसऱ्या पडद्याला कपाटाची काच बोलते.
पाचव्याला पत्र्याचा एकच नट, उत्तरेकडचा.
सातव्याला बायको, "बास आता."
आठव्यावर बोट ठेवलं की
भिंतीतली वीजच साथीला येते :
दीपनगरहून तारांवरून आलेली,
तिचाही तोच स्वर, केसभर चढा.
लोडशेडिंग झालं की ती थांबते
आणि मी अंधारात तिच्या जागी गुणगुणतो.

जळगावला दुकानदार म्हणाला, हजार वॅट, सर, लाइटिंगसकट.
दुसऱ्यानं कीबोर्डचा अ‍ॅम्प बेसचा म्हणून दाखवला.
तिसऱ्याकडे पोरगं होतं, डीजेचं, त्यानं बटण दाबलं
आणि माझ्या बरगड्यांत बैल शिरला.
ताकद होती. स्वर विचारला तर ओशाळलं.

शेवटी यावल. दिलदार तडवी
पंपाच्या मोटारी भरतो, उरल्या वेळात अ‍ॅम्प्लिफायर.
पहिला प्रश्न : "वाजवतो कोठे? हॉलात का मांडवात?"
मांडवात.
"मांडवाले भिंती नही. आवाज निंघून जातो केयीच्या बागात.
वॅट नको पाहू भो, हवा किती ढकलतं ते पाहाय.
अन् चार ओहमले चार ओहमच जोडजो,
सोयरीक हाये ती, तोलामोलाचीच करा लागते."

पंधरा इंची कोन, जाड प्लायवूडचं खोकं,
दोघांनी उचलायचं, तिसऱ्यानं दार धरायचं.
त्यावर त्यानं परात ठेवली, कळण्याचं पीठ पसरलं.
"वाजव."
पाचवी मोकळी सोडली. सेकंदाला एकतीस थरथरी.
पीठ आधी थबकलं, मग सरकलं,
नांगरटीसारख्या रेघा उमटल्या परातीभर.
आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो.
आतून त्याची बायको आली :
"भाकरीचं पीठ हाये ते!"
तिनं परात उचलली. शेत गेलं.

दारिद्र्य पाचवीला पुजलेलं असतं म्हणतात.
माझे अजून सात हप्ते आहेत, तर असेलही.

सावद्याच्या लग्नात साऱ्या रात्रीतून
पाचवी मोकळी एकदाच लागली,
एका अंतऱ्याच्या शेवटी, चार मात्रा.
वऱ्हाड जिलेबीच्या रांगेत होतं. नवरदेव फोनवर.
एकटा जनरेटरवाला मांडवामागून पळत आला,
हातात पाना, तोंडावर धसका.
"मले वाटलं मशीन गेलं."

मी मानेनंच खोक्याकडे खूण केली.
त्यानं तळहात टेकवून पाहिला.
मग पाना खिशात घातला,
खोक्याला पाठ लावून खाली बसला
आणि सामान आवरेपर्यंत
उठला नाही.